गुंडप्पांच्या ट्रकचे आठ बोल्ट

कमल आमच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आत्यानं दिलेली शेंगाच्या चटणीची बरणी होती. सामान एवढंच, पण महिन्याभरात तिनं माझं निम्मं घर बळकावलं असं मला वाटायला लागलं. ती माझी आतेबहीण, जळकोटची. तिला पुढं शिकायचं होतं म्हणून आत्यानं तिला उमरग्याला, आपल्या भावाकडं पाठवलं. आम्ही दोघी एका वयाच्या, एका वर्गात, एकाच गोधडीखाली. शेजारच्या बाया म्हणायच्या, जुळ्या बहिणी शोभतात. ते ऐकलं की माझा तिळपापड व्हायचा. आता सांगायला हरकत नाही. साठी उलटल्यावर माणसानं निदान स्वतःबद्दल तरी खरं बोलावं.

आमचं घर हायवेला लागून होतं. पुढं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं वर्कशॉप, मागं दोन खोल्या, आणि मधे एक पत्र्याचा दरवाजा, तोही कधी लागलेला मला आठवत नाही. पुढून घणाचे ठोके, मागून आईच्या भाकरी थापण्याचे. पाहुण्यांना या आवाजात झोप लागायची नाही आणि आम्हाला तो थांबला की जाग यायची. लोखंडाचा बारीक कीस सगळीकडं असायचा, लोणच्याच्या बरणीवर, देवाच्या फोटोवर, माझ्या वेणीत. आई म्हणायची, "या घरात रक्त वाढायला पालक खायची गरज न्हाय, नुसता श्वास घेतला तरी बास." हुलग्याचे शेंगोळे शिजत असले की पुढचे मिस्त्री उगाच पाणी प्यायला मागच्या दारी यायचे आणि आई त्यांना वाटीभर दिल्याशिवाय परत पाठवायची नाही.

अण्णा दुसरीतून शाळा सोडलेले. त्यांना मापाचा टेप वाचता यायचा, पण लिहायचं म्हटलं की अंगावर काटा. त्यामुळं राहिलेलं काम कागदावर नाही, माणसाच्या डोक्यात ठेवायची त्यांची पद्धत होती. "शाले, ध्यानात ठेव, उद्या डाव्या पाट्याला ग्रीस." एवढं सांगितलं की ते काम त्यांच्या डोक्यातून साफ निघून जायचं. खरंच निघून जायचं. दुसऱ्या दिवशी मी बोलले नाही तर ते काम जगात नव्हतंच. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून हे माझं पद होतं. मुलीच्या जातीनं वर्कशॉपात काय करायचं, असं कुणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "ती माझी वही हाय." शाळेत माझा नंबर कधी आला नाही, गाता येत नव्हतं, रंग सावळा. पण मी अण्णांची वही होते आणि मला तेवढं पुरत होतं.

कमल आली त्या दिवशी अण्णा हात धुऊन पुढं झाले आणि सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडले. आमच्याकडं भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानंच भाचीच्या पडायचं. त्यात काही नवल नव्हतं, घरोघरी तसंच चालतं. पण मी तोवर अण्णांना देवाखेरीज कुणापुढं वाकलेलं पाहिलं नव्हतं. मी 'शाले', ती मात्र 'कमाबाई'. तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा, त्यावर तुपाची धार, हे माझं ठरलेलं होतं. ते तिच्या ताटात गेलं. आई म्हणाली, "भाची जेवली की काशीचं पुण्य, तू काय घरचीच हायस." मी घरचीच होते, त्यामुळं मला दुसरी भाकरी. पापुद्र्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं वाचणारा म्हणेल. ज्यानं पापुद्रा गमावला नाही त्यानंच तसं म्हणावं.

हेही सोसलं असतं, पण एक दिवस गुंडप्पा मालक मिलिटरीच्या लिलावातला ट्रक घेऊन आले. गुंडप्पांचं निम्मं गणगोत कर्नाटकात, निम्मं उमरग्यात. चारही चाकांना जोर असलेलं ते हिरवं धूड काळ्या रानातून, ओढ्यातून कुठूनही जायचं. गुंडप्पांच्या डोक्यात धंदा होता. हायवेवरून घसरून रानात रुतलेल्या गाड्या ओढून काढायच्या. त्यासाठी त्यांनी हैदराबादच्या भंगारबाजारातून विंच आणला होता. विंच म्हणजे लोखंडी दोर गुंडाळायचा ढोल, इंजिनाच्या ताकदीवर फिरणारा. तो ट्रकच्या तोंडाला बसवायचा, बंपर कापून नवा करायचा, वर दिव्यांसाठी पाइपाची शिंगं, खाली ओढायचे हूक. उमरग्यात असलं काम तोवर कुणी केलं नव्हतं. गुंडप्पा म्हणाले, "अण्णा, दसऱ्याला सीमोल्लंघन ह्याच्यावर. जमतंय का बोला." अण्णा म्हणाले, "न जमाया काय झालं?" आणि ते गेल्यावर तासभर ट्रकच्या तोंडासमोर उकिडवे बसून राहिले.

माझ्या पुतण्यानं मागच्या वर्षी जीप घेतली, तिच्या तोंडाला लाल रंगाचा विंच आहे. फोनवरून मागवला, पुण्यात दोन तासांत बसवून मिळाला. चिखल लागेल म्हणून पावसात तो जीप बाहेर काढत नाही. मला मोठ्या कौतुकानं दाखवायला आला तेव्हा मी खाली वाकून आधी बोल्ट बघितले. तो हसला. "काकू, कंपनीनं बसवलंय ते." बोल्ट बघायची सवय मला कुठून लागली ते त्याला सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं.

तर अण्णांची अडचण अशी होती की ढोल बंपरच्या जागी बसवला तर रेडिएटर झाकला जायचा. वारा लागला नाही तर इंजिन तापणार. पुढं सरकवला तर सगळा भार नाकावर. मी म्हटलं, वर उचलून घेऊ. अण्णांनी मान हलवली, पण ती नुसती माझं मन राखायला. कमल दारात उभी होती. ती आत गेली, साबणाचं रिकामं खोकं घेऊन आली, आईच्या कात्रीनं ढोलाच्या मापाचा पुठ्ठा कापला आणि ट्रकखाली शिरली. चांगल्या धुतलेल्या परकरानिशी. चेसीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या दोन टोकांच्या मधे, खालच्या अंगाला, तिनं तो पुठ्ठा धरला. "मामा, हितं बसतंय बघा. वारा वरून जाईल." अण्णांनी टेप लावला. दोन बोटं जागा उरत होती. अण्णा मागं सरले, पुन्हा बघितलं आणि मिस्त्र्यांना म्हणाले, "पोरीच्या हातात माप हाय."

दहा वर्षं मी त्या वर्कशॉपात वावरले होते. अण्णा हे वाक्य मिस्त्र्यांबद्दल बोलायचे, तेही वर्षातून एखाद्या वेळी. माझ्याबद्दल कधी बोलले नव्हते. ते माझ्यासाठी राखून ठेवलंय, एक दिवस मिळेल, असं मी धरून चालले होते. ती आली आणि साबणाच्या खोक्यावर ते घेऊन गेली. मी तिचा मापं आखायचा खडू लपवला. तिच्या वहीवर तेल सांडलं आणि आळ मांजरावर घातला. तिला काहीच कळत नव्हतं असं नाही, पण ती नवा खडू मागून घ्यायची आणि कामाला लागायची. तिनं एकदा जरी भांडण काढलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

काम झालंही देखणं. चेसीला दोन लोखंडी चॅनल जोडले, त्यांवर अर्धा इंच जाडीची प्लेट, प्लेटवर ढोल, आणि ती प्लेट चॅनलला धरायला आठ मोठे बोल्ट. बंपर दोन्ही टोकांना वर कापला, कारण कमल म्हणाली की चढावर तो जमिनीला घासेल. शेवटच्या दिवशी उन्हं कलेपर्यंत आठी बोल्ट आत गेले, पण हातानं फिरवून नुसते बसवलेले. लांब पान्याला पाइप अडकवून, दोघांनी लोंबकळून ते आवळायचे राहिले होते. तेवढ्यात आई दारात आली. दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पूजायची असतात, त्यांना हात लावायचा नसतो. आई दरवर्षी आदल्या संध्याकाळीच सगळे पाने, छिन्न्या, हातोडे गोळा करून रॉकेलनं धुवायची आणि घोंगडीवर मांडायची. एकदा घोंगडीवर गेलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही. तिनं अण्णांच्या हातातून पाना काढून घेतला. "दिवस मावळला. बास आता." अण्णांनी हात पुसले, वळले, आणि कमलला म्हणाले, "कमाबाई, ध्यानात ठेव. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की पैलं आठी बोल्ट आवळायचे."

मी तिथंच होते. चार पावलांवर. अण्णांनी माझ्याकडं बघितलं असतं तरी चाललं असतं.

खांडेनवमीची पूजाही तिच्या हातून झाली, भाची म्हणून. हळदी-कुंकवानं माखलेले पाने घोंगडीवर शिस्तीत निजले होते आणि ट्रकच्या तोंडावर झेंडूचा हातभर जाड हार चढला होता. हारानं प्लेट झाकली, बोल्ट झाकले.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा आपट्याची पानं आणायला बाजारात गेले आणि नेमका तेव्हा जळकोटहून कमलचा भाऊ तिला सणासाठी न्यायला आला. एसटी गाठायची म्हणून त्यानं घाई लावली. पिशवी खांद्याला अडकवून कमल चुलीपाशी आली. आई पुरण वाटत होती, म्हणून ती मला म्हणाली, "शालन, मामा आले की आठवण कर गं. आठी बोल्ट आवळायचे राहिल्यात. इसरू नको." मी पोळपाटावरून मान वर न करता म्हटलं, "व्हय, व्हय. जा तू."

अण्णा आले. उत्तरपूजा झाली. गुंडप्पा पेढे घेऊन आले, ड्रायव्हरनं नवा सदरा घातला होता. नारळ फुटला. त्यांना कुणीतरी निरोप दिला होता की दोन कोसांवर कांद्याचा ट्रक रात्रीच्या पावसानं घसरून रानात उतरलाय, मालक हवालदिल झालाय. गुंडप्पा म्हणाले, "चला अण्णा, मुहूर्तच आलाय चालत." अण्णांनी सवयीनं इकडंतिकडं बघितलं. "कमाबाई कुठाय?" आई आतून म्हणाली, "गेली की जळकोटला." "गेली व्हय," असं म्हणून अण्णा चढून पुढं बसले. त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. ज्याच्या डोक्यात ठेवलं होतं ते माणूस एसटीत होतं, आणि त्या माणसानं ज्याला सांगितलं ते दारात उभं राहून ट्रकला हात हलवत होतं.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला आनंद झाला. ओढताना प्लेट सरकेल, चारचौघांत फजिती होईल, अण्णा म्हणतील, कमाबाईला सांगितलं होतं, ती विसरली. एवढंच मी बघत होते, त्याच्या पुढचं काही नाही. आत येऊन मी पोळ्या लाटायला बसले आणि आई म्हणाली की आज पोळ्या छान गोल यायल्यात.

चौथी की पाचवी पोळी तव्यावर होती. आई सहज बोलली, "आता येतील चिखलात बरबटून. मशीन चालू असलं की तुझ्या अण्णांना पुढ्यात उभं राह्याल्याशिवाय चैन पडत न्हाय." माझा हात थांबला. वर्कशॉपात ड्रायव्हर लोक बसून सांगायचे ते मला आठवलं. ताणलेला लोखंडी दोर सुटला तर माणसाला कापून जातो, लांबच्यालाही. अण्णा ढोलाच्या बाजूलाच उभे राहणार होते, कान लावून. मी लाटणं टाकलं, घोंगडीवरचा लांब पाना आणि पाइप उचलला आणि बाहेर पळाले. आई मागून ओरडत होती.

शेजारी पंक्चरवाले रहीमचाचा मोटारसायकल पुसत होते. माझा अवतार बघून म्हणाले, "क्या हुआ बेटी?" मी म्हटलं, "चाचा, बोल्ट ढिल्ले हैं. अण्णा वहां खडे हैं." त्यांनी फडकं टाकलं. "बैठ." रस्ताभर मी पाना छातीशी धरून सगळ्या देवांना काहीबाही कबूल करत राहिले, तुळजापूरच्या भवानीला तर माझं सगळं आयुष्यच देऊन टाकलं. ती मागायला आली नाही, तिचे उपकार.

पोहोचलो तेव्हा दोर ताणलेला होता. रस्त्याच्या कडेला गुंडप्पांचा ट्रक, खाली काळ्या रानात तिरका झालेला कांद्याचा ट्रक, मधे दोर, आणि भोवती पन्नासेक माणसं. अण्णा बरोबर ढोलाच्या बाजूला, हात वर केलेला, ड्रायव्हरला खूण करत. इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी चिखलातून पळाले, पडले, उठले, पाना डोक्यावर धरून नाचवला. अण्णांची नजर पाना बघून थांबली, माझ्याकडं बघून नव्हे. पान्याशिवाय मला त्यांनी बाजूला हो म्हणून हाकललं असतं. त्यांनी मूठ मिटली. इंजिन खाली आलं, दोर सैल पडला.

अण्णांनी हार बाजूला सारला आणि प्लेटखाली हात घातला. एक बोल्ट दोन बोटांनी फिरला. मग त्यांनी बाकीचे चाचपले. सगळे मिळून सहाच सापडले. दोन वाटेतच गळून गेले होते. त्यांनी हात बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं, आणि तिथंच बंपरवर टेकले. अण्णांना काम चालू असताना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कुणीतरी पाणी दिलं. गुंडप्पा आपल्या भाषेत देवाचं नाव घेत होते. मग टूलबॉक्समधून दोन बोल्ट निघाले, रहीमचाचा आणि ड्रायव्हर पाइपाला लोंबकळले, आठी बोल्ट आवळले गेले. दोर पुन्हा ताणला. कांद्याचा ट्रक आधी हलेचना, मग मोठा आवाज करत रानातून सुटला आणि हळूहळू रस्त्यावर आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

अण्णांनी खिशातून आपट्याचं पान काढलं. पहिलं पान ते दरवर्षी देवापुढं ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी ते माझ्या चिखलाच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कमाबाई इसरली. माझ्या शालीनं ध्यानात ठिवलं. आज हिच्यामुळं मी हाय."

मला बोलता आलं असतं. मी पान घेतलं. मला रडू आलं ते लोकांना प्रेमाचं वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी इतकी सुखात होते की मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

कोजागिरी झाल्यावर कमल परत आली. पेटी खाली ठेवायच्या आधीच अण्णांनी तिला सगळं सांगितलं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "तुला डोकं लई हाय कमाबाई, पण ध्यान न्हाय. हितं ध्यान नसलं की माणूस मरतंय." मी दारात उभी होते. आता ती सांगणार, आता आपण गेलो. कमलनं एकदा माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "व्हय मामा. इसरले मी." आणि आत जाऊन आईच्या हातातलं पीठ घेऊन भाकरी थापायला बसली. त्यानंतर ती वर्कशॉपात आली नाही. अण्णांनी बोलावलं नाही, तिनं विचारलं नाही. बारावी करून ती मास्तरीण झाली, तामलवाडीला कित्येक वर्षं नोकरी केली. वर्कशॉपची किल्ली माझ्याकडं आली. मी ते तीस वर्षं चालवलं, नाव कमावलं. मोठं अवघड काम आलं की मला हमखास वाटायचं, हे कमलनं पुठ्ठा कापून पाच मिनिटांत दाखवलं असतं. अण्णा शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की भाची हुशार, पण विसरभोळी. मी दर वेळी तिथं बसलेली असायचे.

अण्णांना मी कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर सांगण्यात अर्थ उरला नाही असं मी स्वतःला समजावलं. कमललाही विचारायला मला चाळीसेक वर्षं लागली. मागच्या उन्हाळ्यात तिच्या नातीच्या बारशाला गेले होते. बायका पांगल्यावर आम्ही दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हटलं, "कमल, त्या दिवशी तू बोलली का न्हाईस? एक शब्द बोलली असतीस तर अण्णांनी मला दारात उभं केलं नसतं."

तिनं शेंग फोडली, दाणे माझ्या पुढ्यात टाकले. कोणता दिवस ते विचारलं नाही.

"त्याच्यासाठीच न्हाय बोलले," ती म्हणाली. "मला काय गं, जळकोटला माझा बाप व्हता. तुला दुसरा कुठून आणला असता?"

मी दाणे उचलले. तोंडात घालता येईनात, तसेच मुठीत धरून बसले. आणि या वयात, माफी मागायची सोडून, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे असं वागणं मला का नाही सुचलं, आणि तिलाच कसं सुचलं.